नरव्याघ्र आणि न्यायासन

२०१४ सालीं कॅनडा देशांत ‘वुल्फकॉप’ या नांवाचा एक बोलपट निघाला. लोवेल डीन हा त्याचा दिग्दर्शक. एका लहानशा गांवचा मद्यपी पोलीस अंमलदार रात्रीं लांडग्याचें रूप धारण करतो, आणि त्या रूपांतही पोलिसाचा पोषाख अंगावर ठेवून चोरट्यांचा समाचार घेतो, असें त्याचें कथानक आहे. रक्तपात, मारामारी आणि विनोद यांचें तें मिश्रण करमणुकीसाठीं केलेलें. त्याजकडून अधिक अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. तथापि त्या करमणुकीच्या तळाशीं दोन फार जुने प्रश्न आहेत. रक्षणाचा दंड ज्याच्या हातीं दिला तोच हिंस्र झाला, तर दाद कोणाकडे मागावयाची, हा पहिला. आणि अमुक एक माणूस आतां माणूस राहिला नसून पशु झाला आहे, असें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. पहिला प्रश्न सर्वांनाच सुचतो. दुसऱ्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु निरपराध माणसांचे जीव गेले आहेत ते बहुधा या दुसऱ्याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरामुळें.

हे प्रश्न परदेशांतील करमणुकीपुरते नाहींत. वैनगंगेच्या दोहों बाजूंस पसरलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले आहेत. फरक इतकाच कीं, तेथें लांडग्याच्या जागीं वाघ आहे.

आपल्या प्राचीन कथांनीं हे दोन्ही प्रश्न फार पूर्वीं हाताळले आहेत. महाभारताच्या आदिपर्वांत कल्माषपाद राजाची कथा आहे. अरुंद वाटेवर समोरून आलेल्या शक्ति नांवाच्या वसिष्ठपुत्रास त्यानें वाट तर दिली नाहींच, उलट चाबकाचा प्रहार केला. ऋषीनें शाप दिला. राजा नरभक्षक झाला, आणि त्यानें आधीं खाल्लें तें शाप देणाऱ्या शक्तीलाच. प्रजेचा रक्षक प्रजेचा भक्षक झाला. त्याच पर्वांत पंडुराजाची कथा येते. मृग समजून त्यानें बाण सोडला, आणि धारातीर्थीं पडला तो मृगरूप घेतलेला ऋषि. रामायणांत दशरथानें नुसत्या आवाजावरून बाण मारिला. हत्ती पाणी पीत आहे असें त्यास वाटलें, आणि प्रत्यक्षांत आंधळ्या मातापितरांचा पुत्र घागर भरीत होता. या दोन्ही राजांनीं जाणून कोणाचा वध केला नाहीं. तरीही ‘तो मृगच होता’, ‘तो हत्तीच होता’ असा हट्ट त्यांनीं शेवटपर्यंत धरिला नाहीं. डोळ्यांची किंवा कानांची भूल उमगतांच ती त्यांनीं कबूल केली. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां या दोन जिल्ह्यांकडे वळूं. चांदा ही गोंड राजांची राजधानी. १७५१ सालीं ती नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यांत गेली. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले वारल्यावर इंग्रजांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें, आणि १८६१ सालीं जो मध्यप्रांत बनविण्यांत आला त्यांत चांदा जिल्ह्याचा समावेश झाला. पुढें १९६४ सालीं चांद्यास चंद्रपूर हें नांव मिळालें, व १९८२ च्या २६ ऑगस्ट रोजीं या जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग तोडून गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. राज्यें बदललीं, नांवें बदललीं. जंगलाशीं असलेला माणसाचा व्यवहार मात्र फारसा बदलला नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं पहाटेस मोहाचीं फुलें वेंचावयाचीं, पुढें तेंदूचीं पानें तोडावयाचीं, बांबू आणावयाचा, सरपण गोळा करावयाचें, गुरें चारावयाचीं. आणि हें सर्व ज्या रानांत करावयाचें, त्याच रानांत वाघाचाही संसार. ‘वाघ म्हटलें तरी खातो आणि वाघोबा म्हटलें तरी खातो’ ही म्हण इतर ठिकाणीं विनोदानें वापरली जाते. झाडीपट्टींत ती शब्दशः खरी आहे. तरीही तेथील माणूस ‘वाघोबा’च म्हणतो, हें विशेष.

‘वाघोबा’ म्हणण्यांत भीति आहे, तशीच नात्याची भावनाही आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत गांवाच्या शिवेवर वाघाची मूर्ति किंवा शेंदूर लाविलेला पाषाण आढळतो. गोंड लोकांत वाघदेवाची पूजा आहे. चंद्रपूरच्या उत्तरेस असलेल्या ताडोबाच्या अरण्याचें नांव तारू या देवावरून पडलें असें सांगतात. तारू हा एका गांवचा प्रमुख होता. वाघाशीं झुंजतांना त्याचा अंत झाला, आणि लोकांनीं त्याला देव मानिलें. तळ्याच्या कांठीं, मोठ्या वृक्षाखालीं त्याचें स्थान आहे, व पौष महिन्यांत तेथें आदिवासींची यात्रा भरत आली आहे. या कथेंत एक सूक्ष्म गोष्ट आहे. वाघानें मारिलेला माणूस तेथें अरण्याचा रक्षक ठरला. ज्या रानानें त्याला नेलें त्या रानाची राखण त्याच्याकडे आली. गांवाच्या शिवेवरचा वाघोबा हाही असाच एक राखणदार. तो शीव पाळतो, आणि माणसांनींही ती पाळावी अशी त्याची अपेक्षा. रानांत केव्हां जावें, काय तोडावें, काय तोडूं नये, सणाच्या आधीं कोणतें फळ चाखूं नये, याचे जे नियम असतात, त्यांमागें वाघाचा धाक उभा असतो. पोलिसाची चौकी जेथें नव्हती, तेथें वाघोबा हीच चौकी होती असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

संथाळ लोकांत तर वाघाच्या कातड्यावर हात ठेवून घेतलेली शपथ अत्यंत कडक मानली जाई. खोटें बोलणाऱ्यास वाघ खाईल अशी श्रद्धा. आणि १८७३ च्या शपथेच्या कायद्यानें, एखाद्या जातीजमातींत बंधनकारक मानली जाणारी शपथ कोणी घेण्यास तयार असेल, व ती न्यायास आणि सभ्यतेस सोडून नसेल, तर तशी शपथ देण्याची मुभा न्यायाधीशांस दिली होती. म्हणजे ज्या व्याघ्राचा धाक रानांत चालत होता, त्याला कचेरीचें दारही अगदींच बंद नव्हतें.

परंतु या श्रद्धेला दुसरी, काळी बाजू आहे. वाघ जर नियमांचा राखणदार, तर त्यानें माणूस मारिला हा निव्वळ अपघात कसा मानावा? मेलेल्याचें कांहीं चुकलें असेल. किंवा त्याचें कांहीं चुकलें नसेल, तर कोणीतरी मंत्र घालून वाघ पाठविला असेल. किंवा त्याहूनही पुढें जाऊन, तो वाघ वाघच नसेल, शेजारचा कोणी विद्या जाणणारा माणूसच रात्रीं वाघ होऊन आला असेल. पहिल्या पायरीवर दुःखाला अर्थ मिळतो. दुसऱ्या पायरीवर दुःखाला शत्रु मिळतो. तिसऱ्या पायरीवर त्या शत्रूला नांव, घर आणि दार मिळतें. या तिसऱ्या पायरीपाशीं कायद्याचा संबंध येतो.

या समजुतीची सर्वांत प्रसिद्ध नोंद एका पोलिसी कामाच्या अधिकाऱ्यानेंच करून ठेविली आहे. ठगांच्या टोळ्यांचा बंदोबस्त करणारा विल्यम हेन्री स्लीमन याचें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत सर्वांस ठाऊक आहे. १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत ‘माणूस-वाघ’ या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. जबलपूरहून मिर्झापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कटरा घाटांत वाघांनीं पुष्कळ माणसें मारिलीं होतीं. त्यांचा बंदोबस्त कसा करावा याविषयीं स्लीमन मैहरच्या राजाशीं बोलत होता. राजाचें म्हणणें असें कीं, हे साधे वाघ असते तर त्यांना मारणें मुळींच कठीण नव्हतें. परंतु इतकीं माणसें मारणारे वाघ म्हणजे विद्येच्या बळानें वाघ झालेलीं माणसेंच, आणि त्यांच्यापुढें कोणाचा इलाज चालत नाहीं. एक मुळी खाल्ली कीं माणूस वाघ होतो, दुसरी खाल्ली कीं पुन्हां माणूस. राजानें आपल्या वडिलांच्या पदरच्या एका परटाची गोष्टही सांगितली. त्यानें दुसरी मुळी बायकोच्या हातीं देऊन पहिली स्वतः खाल्ली; नवऱ्याचें तें रूप पाहून बायको मुळीसकट पळत सुटली; आणि तो बिचारा कायमचा वाघ होऊन रानांत गेला. अशा वाघाची खूण म्हणे त्यास शेंपूट नसतें.

गोष्ट गमतीची आहे, आणि स्लीमननेंही ती तशाच सुरांत लिहिली आहे. परंतु तींतील व्यवहार पाहण्यासारखा आहे. घाटांतील वाटसरूंचें रक्षण करणें हें ज्यांचें कर्तव्य, त्या सत्ताधीशास ही समजूत किती सोयीची! वाघ हा वाघ असेल तर शिकारी पाठवावे लागतात, रस्त्याकडेचें रान तोडावें लागतें, पहारा बसवावा लागतो. वाघ हा माणूस असेल तर कांहींच करावें लागत नाहीं. जेथें राजसत्ता रक्षण करीत नाहीं तेथें अशा कथा वाढतात. जबलपूरचा तो मुलूख १८६१ नंतर चांद्याबरोबर एकाच मध्यप्रांतांत आला. इंग्रज सरकारनें वाघ मारणाऱ्यास बक्षीस देण्याची रीत चालविली. वाघाच्या डोक्याची किंमत ठरली. परंतु ज्या शेजाऱ्यावर ‘तूंच वाघ’ असा ठपका येई, त्याच्या डोक्याचें रक्षण करणें हें अधिक कठीण काम होतें.

येथें युरोपकडे एक दृष्टि टाकणें उपयोगी पडेल. कारण तेथें या प्रश्नाचा निकाल प्रत्यक्ष न्यायासनांनीं दिला, आणि प्रथम तो फार भयंकर दिला. १५८९ सालीं जर्मनींत कोलोन शहराजवळील बेडबुर्ग या गांवीं पीटर श्टुम्प नांवाच्या माणसास, सैतानानें दिलेला पट्टा बांधून तो लांडगा होतो व माणसें खातो, या आरोपावरून देहान्त शासन झालें. यातनायंत्राचा धाक दाखवून त्याच्याकडून कबुली घेतली होती. यातनेपुढें माणूस काय कबूल करणार नाहीं? गांवच्या अफवेनें जें सांगितलें तेंच कबुलीजबाबांत उतरलें, आणि कबुलीजबाबानें तीच अफवा खरी ठरली. १६०३ सालीं फ्रान्समध्यें बोर्दो येथील न्यायालयापुढें झां ग्रनिये नांवाचा एक पोर आला. आपण लांडगा होतों असें तो स्वतःच सांगत सुटला होता. त्या न्यायाधीशांनीं मात्र त्याची बुद्धि तपासली, तो मंदबुद्धीचा आहे असें ठरविलें, आणि चितेवर न पाठवितां त्यास एका मठांत ठेविलें. अवघ्या चौदा वर्षांच्या अंतरानें दोन न्यायासनांनीं दोन निराळीं उत्तरें दिलीं. एकानें अफवेला शिक्का दिला. दुसऱ्यानें माणसाकडे पाहिलें.

तिसरा खटला अधिकच विलक्षण आहे. बाल्टिक समुद्राच्या कांठीं, आजच्या लॅटव्हियांत, त्या काळीं लिव्होनिया नांवाचा प्रांत होता. १६९१ सालीं तेथील यूर्गेन्सबुर्ग गांवीं थीस नांवाचा ऐंशीच्या पुढचा एक म्हातारा दुसऱ्याच एका चोरीच्या प्रकरणांत साक्षीसाठीं उभा राहिला. बोलतां बोलतां त्यानें सांगितलें कीं, आपण लांडगा होत असूं खरे, परंतु लांडगे हे सैतानाचे चाकर नसून देवाचे कुत्रे आहेत. जादूगार पृथ्वीवरचें धान्य चोरून नरकांत नेतात, तें सोडवून आणण्यासाठीं लांडगे तेथें जाऊन त्यांच्याशीं लढतात. म्हणजे त्याच्या मतें लांडगा झालेला माणूस हाच गांवच्या पिकाचा शिपाई! आमच्या शिवेवरचा वाघोबा आणि लिव्होनियांतील म्हाताऱ्याचा लांडगा यांची जात एकच. न्यायाधीशांस हें पटणें शक्य नव्हतें. १६९२ सालीं त्यास फटके व हद्दपारी अशी शिक्षा झाली. तरी शतकापूर्वींची चिती आतां फटक्यांवर आली होती, हेंही दिसून येतें.

पुढें कायद्यानें जें वळण घेतलें तें फार महत्त्वाचें. १६८२ सालीं फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें एक आज्ञापत्र काढून जादूटोण्याच्या खटल्यांस आळा घातला. १७३५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला, त्यानें चेटूक हा गुन्हाच रद्द झाला. उलट आपल्या अंगीं अशी शक्ति आहे असा बहाणा करणें हा गुन्हा ठरला, आणि दुसऱ्यावर चेटकाचा आरोप लावून खटला भरणें बंद झालें. पूर्वीं कायदा विचारीत असे, ‘हा माणूस पशु झाला काय?’ आतां तो विचारूं लागला, ‘या माणसाला पशु म्हणणारा कोण?’

याचा अर्थ पशूच्या रूपाआड कोणी खून केला तर कायद्यानें डोळे मिटावे असा नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत सिएरा लिओन येथें चित्त्यासारखें कातडें पांघरून व तीन पात्यांची सुरी घेऊन खून करणाऱ्या मंडळ्या आहेत, अशा बोभाट्यावरून १८९५ सालीं तेथील सरकारनें खास कायदा केला. तो कातड्याविषयीं व सुरीविषयीं होता. माणूस खरोखर चित्ता झाला कीं नाहीं या वादांत तो शिरला नाहीं. हातांत काय सांपडलें, अंगावर काय होतें, कोणी पाहिलें, इतकेंच त्यानें विचारावयाचें.

हिंदुस्थानांत १८६० सालीं दंडसंहिता तयार झाली व १८६२ च्या १ जानेवारीस ती अमलांत आली. तिच्या ७९ व्या कलमांत असें तत्त्व आहे कीं, वस्तुस्थितीविषयीं चूक होऊन, आपण करतों तें कायद्यास धरून आहे असें जो सद्भावानें मानतो, त्याचें तें कृत्य गुन्हा होत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें हेंच तत्त्व आपल्या १७ व्या कलमांत कायम ठेविलें आहे. दशरथाच्या बाणाची ही कथाच जणूं कायद्याच्या भाषेंत लिहिलेली. आणि या तत्त्वाची परीक्षा पाहणारा एक खटला वाघावरूनच उभा राहिला.

त्या वेळीं नागपूर ही मध्यप्रदेश राज्याची राजधानी होती, चांदा त्याच राज्यांत होता, आणि सर्व राज्याचें उच्च न्यायालय नागपुरास होतें. १९५२ सालच्या विधिनिर्णयांत हा खटला नमूद आहे. एक लोहार आपल्या एकुलत्या एका मुलास घेऊन टेकडीवर पानें आणावयास गेला. हातांत कुऱ्हाड होती. पायास गळूं झालेलें, वाटेंत तो पडला, आणि त्या विकल अवस्थेंत त्याच्या दृष्टीस समोर वाघ दिसला. वाघ आपल्यावर येतो आहे असें समजून त्यानें कुऱ्हाड चालविली. तो वाघ नव्हता, मुलगा होता. पोर जागच्या जागीं ठार झालें. उच्च न्यायालयानें सर्व पुरावा, वैद्यांची साक्ष, बापाचें मुलावरील प्रेम, हें सर्व तोलून पाहिलें, आणि निर्णय दिला कीं, या माणसानें माणसावर घाव घातला नाहीं. त्याच्या समजुतीप्रमाणें हिंस्र पशूवर घातला. खुनाचा हेतु त्यांत नव्हता. म्हणून त्यास ७९ व्या कलमाचें संरक्षण मिळालें.

या निकालांतील करुणा कोणासही भिडावी अशी आहे. न्यायालयानें त्यास सोडलें. परंतु घरीं परत जातांना त्याच्याबरोबर कोण होतें? कायदा इतकेंच करूं शकतो कीं, त्या दुःखावर गुन्ह्याचा डाग लावीत नाहीं.

आतां याच्याशेजारीं दुसरें चित्र ठेवून पाहावें. चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत वणी खुर्द या गांवीं ऑगस्ट २०२१ मध्यें, जादूटोणा करतात या संशयावरून, स्त्रिया व वृद्ध यांसह सात जणांस भर चौकांत खांबांना बांधून मारहाण करण्यांत आली. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत बारसेवाडा या गांवीं मे २०२४ मध्यें, त्याच संशयावरून, एका स्त्रीस व एका पुरुषास मारहाण करून जाळण्यांत आलें, आणि पोलिसांनीं गांवांतील पंधरा जणांस अटक केली. या ठिकाणीं वाघ नव्हता. परंतु विचाराची वाट तीच होती: गांवावर आलेलें संकट आपोआप आलेलें नाहीं, तें कोणीतरी आणिलें, तें आणणारा माणूस आपल्यासारखा माणूस नव्हे, म्हणून माणसास जी दया दाखवावयाची ती त्याला नको.

कोणी म्हणेल, टेकडीवरच्या बापाची चूक कायद्यानें पोटांत घातली, तर या गांवकऱ्यांची कां नाहीं? त्यांचाही विश्वास खराच होता कीं! उत्तर कायद्याच्या एकाच शब्दांत आहे. तो शब्द ‘सद्भाव’. योग्य ती काळजी व लक्ष देऊन केलेलें तेंच सद्भावाचें, अशी दंडसंहितेची व्याख्या आहे. बापाला जो वाघ दिसला तो डोळ्यांना, एका क्षणांत, ज्वराच्या भरांत. त्याला विचार करण्यास वेळ नव्हता, आणि भूल ओसरतांच समोर मुलगा होता. गांवाला जो चेटक्या दिसतो तो कोणाच्याच डोळ्यांना दिसलेला नसतो. तो कुजबुजींत वाढतो, देवऋषीच्या तोंडून त्याला नांव मिळतें, जुनें वैर, जमिनीचा तंटा, विधवेचें एकटेपण हीं त्याला खतपाणी घालतात, आणि शेवटीं जमाव मिळून त्याचा निकाल लावतो. तेथें वेळ असतो. विचारण्यास माणसें असतात. दवाखाना असतो, चौकी असते. तेथें जें घडतें ती डोळ्यांची भूल नव्हे, तो निर्णय होय. भुलीला कायदा क्षमा करूं शकतो. निर्णयाची जबाबदारी निर्णय करणाऱ्यावरच राहते.

महाराष्ट्रानें या जबाबदारीला कायद्याचें स्पष्ट रूप दिलें तें २०१३ सालीं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे प्रवर्तक डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें झटत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. एखादा माणूस करणी करतो, जादूटोण्यानें रोगराई पसरवितो, असें भासवून त्याचें जगणें कठीण करणें, किंवा त्यास चेटूक्या ठरवून मारहाण करणें व धिंड काढणें, हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यांत आहे, आणि प्रतिबंधाचें काम पोलीस अधिकाऱ्यांवर सोपविलें आहे. १७३५ सालीं इंग्लंडांत जो प्रश्न उलटा फिरला, तो महाराष्ट्रांत या कायद्यानें फिरविला. आतां चौकीवरील अंमलदारानें ‘हा जादूगार आहे काय’ असें विचारावयाचें नाहीं. ‘याला जादूगार कोण म्हणालें’ असें विचारावयाचें.

मध्यंतरीं वाघाचें काय झालें, हेंही पाहिलें पाहिजे. ज्या ताडोबांत पूर्वीं शिकारी मचाणें बांधीत, तेथें १९३५ सालीं शिकार बंद झाली, १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि पुढें अंधारीचें अभयारण्य जोडून व्याघ्रप्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाला बक्षिसाच्या यादींतून काढून संरक्षणाच्या यादींत घातलें. आज एखादा वाघ माणसांवर उठला, तरी गांवानें काठ्या घेऊन त्याचा निकाल लावावयाचा नसतो. तो मनुष्यजीवितास धोकादायक झाला आहे अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री व्हावी लागते, त्याची कारणें लेखी नमूद व्हावीं लागतात, आणि जिवंत पकडणें शक्य आहे तोंवर मारण्याची आज्ञा देतां येत नाहीं. चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा या जिल्ह्यांत तेरा माणसें मारणारा ‘सी. टी.-१’ नांवाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्यें वडसाच्या जंगलांत बेशुद्ध करून पकडण्यांत आला. त्याचे ठसे तपासले, छायाचित्रें ताडून पाहिलीं, हाच तो वाघ अशी खात्री करून घेतली, आणि मग बंदुकीऐवजीं बेशुद्धीची सुई वापरली.

हा व्यवहार योग्यच आहे. जंगलाच्या माणसांनीं त्यासाठीं फार मोठी किंमत मोजली आहे, आणि मोजीत आहेत. मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं वांकलेली बाई झाडोऱ्याआडून वाघाला चतुष्पादासारखी दिसते, आणि तो झेप घेतो, असें वनाधिकारी सांगतात. म्हणजे वाघाचीही वस्तुस्थितीविषयीं चूक होते! आपण त्या मुक्या पशूच्या चुकीचा विचार करतों, त्याच्यासाठीं चौकशी नेमतों, त्याचा गुन्हा त्याच्याच अंगावर सिद्ध झाला पाहिजे असें म्हणतों. मग जिच्या घरापुढें रात्रीं जमाव उभा राहिला आहे त्या म्हातारीला, निदान वाघाइतकी तरी चौकशी मिळावयास नको काय? तिचें म्हणणें कोणी ऐकून घ्यावें, लेखी कारण कोणी मागावें, आणि शक्य आहे तोंवर जीव वांचवावा, इतकेंच ना?

पौष महिन्यांत तारूच्या यात्रेची गोष्ट निघाली म्हणजे, वाघाशीं झुंजून मेलेल्या त्या गांवप्रमुखाची आठवण ठेवावी. तो गांवचा प्रमुख होता, म्हणजे त्याच्या काळचा रक्षक व न्याय करणाराही होता. वाघ गांवावर आला तेव्हां त्यानें शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखविलें नाहीं. तो स्वतः वाघापुढें गेला. गांवाचा दंड ज्याच्या हातीं असेल, मग तो पाटील असो, पंच असो, पुजारी असो वा खाकी पोषाखांतील अंमलदार असो, त्यानें संकटापुढें उभें राहावयाचें असतें, जमावापुढें चालावयाचें नसतें. लोकांनीं तारूला देव मानिलें तें बहुधा एवढ्याचसाठीं.